ट्रॅक्सची थोरली बहीण

मराठवाड्यात गाडीबद्दलचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. रंग, मॉडेल, किंमत हे सगळं मागाहून. आधी 'ॲव्हरेज किती देते?' माझी गाडी 1982 सालची मर्सिडीज 240 डी आहे. जालन्याहून संभाजीनगरला कॉलेजात शिकवायला जाते ती हीच घेऊन. पंपावर मात्र हा प्रश्न मला कुणी विचारत नाही. नवरा शेजारी बसलेला असेल तर त्याला विचारतात. त्या बिचाऱ्याला ह्या गाडीतलं फक्त सीट मागे कसं करायचं तेवढं ठाऊक. तो माझ्याकडे बघतो, मग मी सांगते: हायवेला सत्तर-ऐंशीच्या चालीनं, एसी बंद ठेवून, साडेबारा. एसी लावला की अकरा. सिडको चौकाच्या पुढच्या गर्दीत दहाच्या खाली.

मर्सिडीज म्हटल्यावर विचारणाऱ्याच्या मनात पाच-सहाचा आकडा असतो, त्यातून जुनी म्हटल्यावर चारचा. साडेबारा ऐकून तो आधी माझ्या गाडीकडे बघतो आणि मग मागे उभ्या असलेल्या स्वतःच्या नव्याकोऱ्या एसयूव्हीकडे. ती किती देते हे विचारायचा मोह मी आवरते.

मी कॉस्टिंग शिकवते. त्यामुळे 'मॅडमची हौस' असं कुणी म्हटलं की मला राग येतो. हौस होतीच, कशाला नाकारू? पण आधी हिशेब झाला.

रोजचं जाणं-येणं सव्वाशे किलोमीटरच्या घरात. एसटी होती, रेल्वे होती, शेअरिंगच्या गाड्या होत्या. सगळं करून झालं होतं. गाडी घ्यायचीच, तर नवीन डिझेल गाडीची ऑन-रोड किंमत बघून मी बँकेचा तक्ता उघडला. पंधरा लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज, पाच वर्षं: हप्ता महिन्याला एकतीस हजारांवर. आणि हप्ते संपतात तोवर गाडीची किंमत निम्म्यावर आलेली असते. हे मी दर वर्षी फळ्यावर घसाऱ्याच्या प्रकरणात मुलांना शिकवते. स्वतःच्या पैशानं त्याचं प्रात्यक्षिक करायची इच्छा होईना. मग जुनी गाडी. पण जुनी म्हणजे पाच-सात वर्षं वापरलेली, हजार सेन्सर असलेली आणि मालकाला कंटाळा आल्यामुळे विकायला काढलेली गाडी मला नको होती. जिची किंमत जेवढी उतरायची तेवढी उतरून झाली आहे आणि जी तरीही रोज सकाळी सुरू होते, अशी हवी होती. ह्या दोन अटी एकत्र केल्या की माणूस हळूहळू जर्मनीकडे सरकतो.

इथे कायद्याची एक गंमत. लोक माझ्या गाडीला सर्रास 'विंटेज' म्हणतात, बोलण्यात मीही म्हणते. केंद्राच्या जुलै 2021 च्या नियमांप्रमाणे विंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ स्वरूपातली, धंद्याला न लावलेली गाडी. अशा गाडीला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. आणि मग ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, झालंच तर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्यायची. म्हणजे रोज चालवायला विंटेज गाडी घ्यायची असेल तर ती कागदावर विंटेज नसलेलीच बरी. माझी 2032 मध्ये पन्नाशीची होईल. तेव्हा तिचा तसा अर्ज मी करणार नाही, एवढं आत्ताच सांगून ठेवते.

सुरुवातीला जीव जडला होता तो फोक्सवॅगनच्या बीटलवर. मागे इंजिन, हवेवर थंड होणारं, रेडिएटर नावाची वस्तूच नाही. पाण्याचा थेंबही न मागणारी गाडी मराठवाड्यात नाही चालणार तर कुठे चालणार? शिवाय बाराशे सीसीचं छोटं इंजिन, नीट ट्यून केलं तर लिटरला बारा-तेरा देणारं. एक बघूनही आले. पण बीटल पेट्रोलवर चालते आणि पेट्रोल आता ते जुनं पेट्रोल राहिलेलं नाही. पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल, म्हणजे उसाच्या मळीपासूनही होतं ते अल्कोहोल. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानानं एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे ॲव्हरेज तिथेच घसरतं. त्याहून वाईट म्हणजे साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे रबरी होज, कार्ब्युरेटरचे सील, पंपाचा पडदा हे काही इथेनॉल गृहीत धरून बनवलेले नाहीत; ते फुगतात, तडकतात. आणि बीटलचं इंजिन मागे, गरम, आणि पेट्रोलची नळी त्याच्या अंगाशी. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसवर असताना बदनापूरच्या आसपास ती नळी तडकली तर काय, ह्या विचारानं माझी हौस फिटली. होज बदलता येतात, लोक बदलतातही. पण मला रोज जायचं होतं.

ह्यातली खरी गोष्ट मामांनी काढली. मामा अंबड तालुक्यात मोसंबी लावतात. जायकवाडीच्या कालव्याखालच्या उसाबद्दल त्यांचं आणि माझं नेहमी वाजतं. 'आमच्या वाटचं पाणी उसाला, उसाची मळी कारखान्याला, अन् मळीची दारू तुमच्या गाडीला,' ते म्हणाले, 'मंग गाडीला चढंल नाय तर काय!' बीटलचा विषय तिथे मिटला. डिझेलच घ्यायचं ठरलं.

शहाण्या माणसानं डिझेलमध्ये काय घ्यावं ह्याचं उत्तर माझ्या रोजच्या रस्त्यावरच आहे. संभाजीनगरच्या अलीकडे शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना लागतो. 2001 पासून तिथे ऑक्टाव्हिया जुळवल्या जायच्या आणि त्यातलं 1.9 लिटरचं टीडीआय इंजिन फोक्सवॅगनचं, म्हणजे जर्मनच. सोळा-सतरा सहज देणारी, हायवेवर रुळावरून गेल्यासारखी जाणारी गाडी, चांगली ठेवलेली असली तर अजूनही. कुणी फक्त डोक्यानं विचारलं तर मी तीच घ्या म्हणून सांगते. मी का घेतली नाही? तिचा टर्बो, तिचा कॉम्प्युटर, तिचा एअरफ्लो सेन्सर. ह्यातलं काही बिघडलं की लॅपटॉप लावणारा माणूस शोधावा लागतो आणि तो जालन्यात भेटला तर पार्ट भेटत नाही. माझा स्वभाव असा की जे बिघडलं ते डोळ्यांना दिसलं पाहिजे.

आता 240 डी. मर्सिडीजची ही मालिका डब्ल्यू 123 नावानं ओळखली जाते. 1976 ते 1986 ह्या दहा वर्षांत सुमारे 27 लाख गाड्या निघाल्या. जर्मनीत टॅक्सीवाल्यांची लाडकी. त्याआधीच्या मालिकेतली 1976 ची एक 240 डी ग्रीसमधल्या टॅक्सीचालकानं इंजिनं बदलत बदलत 46 लाख किलोमीटर चालवली आणि 2004 मध्ये कंपनीनं ती आपल्या संग्रहालयात नेऊन ठेवली. हे सगळं वाचायला छान आहे, पण ग्रीसच्या टॅक्सीवरून जालन्यातली बाई गाडी निवडत नसते. माझा निर्णय झाला तो इंजिनावर कोरलेल्या आकड्यामुळे: ओएम 616.

पुण्याच्या बजाज टेम्पोनं, म्हणजे आताच्या फोर्स मोटर्सनं, ऐंशीच्या दशकात डायमलर-बेंझशी करार करून हेच इंजिन आकुर्डीत बनवायला घेतलं. ते ट्रॅव्हलरमध्ये बसलं, मग ट्रॅक्समध्ये बसलं. मराठवाड्यात ट्रॅक्स काय आहे हे मी सांगायला नको. मंठ्याच्या स्टँडवरून भरून निघणारी ट्रॅक्स, तुळजापूरला नवस फेडायला निघालेलं घर, माहूरगडावरून परतणारे लोक, लग्नसराईतलं वऱ्हाड, नऊच्या जागी सतरा माणसं, टपावर बोचकी, आणि मागच्या पायरीवर लोंबकळणारी दोन पोरं. त्या सगळ्या ओझ्याखाली जे चार सिलिंडरचं डिझेल इंजिन धडधडत असायचं, ते स्टुटगार्टच्या साहेबाच्या गाडीतलं होतं. म्हणजे माझी गाडी ही नात्यानं ट्रॅक्सची थोरली बहीण. आणि ट्रॅक्स दुरुस्त करणारा मिस्त्री आमच्याकडे तालुक्याच्या गावालाही मिळतो.

गाडी सापडली ती जालन्यातच, एका रोलिंग मिलच्या आवारात. जालन्याचा लोखंडाचा धंदा कसा चालतो ते बाहेरच्यांना चटकन कळत नाही. इथे खनिज नाही, कोळसा नाही, बंदर तर नाहीच. इथे येतं भंगार, देशातून आणि देशाबाहेरून, आणि भट्टीत वितळून त्याच्या सळया होतात. त्यामुळे जालन्यात जुन्या गाडीची किंमत सांगायला मेकॅनिक लागत नाही, वजनकाटा पुरतो. ही गाडी थोरल्या शेठजींनी कधीकाळी दिल्लीतून आणली होती. परदेशी वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या तेव्हा स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात, त्यातली. शेठजी गेल्यावर ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. मुलाला जागा मोकळी करायची होती. चौदाशे किलोच्या आसपास वजन; भंगाराच्या भावानं पन्नास हजारही होत नव्हते. मी त्याहून बरंच जास्त दिलं आणि तरी एका नव्या स्कूटरच्या दीडपट-दुप्पट पैशात मर्सिडीज घरी आली. भट्टी तिथून अर्ध्या किलोमीटरवर होती.

चाचांच्या गॅरेजला टोचन करून नेली. चाचा ट्रॅक्स, क्रूझर आणि ट्रॅक्टरची कामं करतात. मर्सिडीज बघून त्यांचा हातातला चहा थांबला. बॉनेट उघडलं, वाकून बघितलं, पंपाकडे बघितलं आणि कपाळावरची आठी गेली. 'अरे मॅडम, ये तो अपने ट्रॅक्सकाच इंजन है. आपने क्या डरा दिया मेरे कू!'

हे शंभर टक्के खरं नाही, आणि चाचांनाही ते माहीत आहे. आकुर्डीच्या इंजिनात पुढे फरक होत गेले. त्यामुळे चाचा जुना पार्ट आणि नवा पार्ट शेजारी ठेवतात, कॅलिपरनं मोजतात आणि जुळला तरच लावतात. नोझल, हीटर प्लग, गॅस्केटं, फिल्टर अशा रोजच्या भानगडीत बरंच जुळतं. टॅपेट सेटिंगला, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हवरची फट जुळवायला, लागणारे ते विचित्र वाकडे पाने चाचांच्या भिंतीवर आधीपासूनच टांगलेले होते. ह्या इंजिनाला हायड्रॉलिक टॅपेट नाहीत, ठरावीक अंतरानंतर हातानं गाळा बघावा लागतो. डिझेल पंप बॉशचा. आपल्याकडे मायको नावानं चार पिढ्यांच्या शेतकऱ्यांना माहीत असलेल्या पंपांचा जर्मन भाऊबंद. तो खोलून कॅलिब्रेट करून देणारी दुकानं मोंढ्याच्या आसपास सापडतातच, कारण ट्रॅक्टर आहेत. हेड आणि ब्लॉक दोन्ही ओतीव लोखंडाचे, टायमिंगला पट्ट्याऐवजी दुहेरी साखळी, आणि इंजिनाला चालू राहायला विजेची गरजच नाही. एकदा सुरू झालं की बॅटरी काढून ठेवली तरी चालेल.

काच, दरवाज्याची रबरं, डॅशबोर्डचे तुकडे, मागचे दिवे ह्यांची गोष्ट वेगळी. तिथे ट्रॅक्स कामाला येत नाही. मुंबईत कुर्ल्याला फेऱ्या मारा, नाहीतर जर्मनीतून मागवा. कंपनी जुन्या गाड्यांचे पार्ट अजून बनवते आणि भाव ऐकून माणूस खाली बसतो. माझ्या मागच्या उजव्या दाराचं रबर ट्रकच्या रबरातून कापून लावलेलं आहे. पावसाळ्यात तिथे थोडं पाणी येतं. जालन्यात पावसाळा असून असून किती असतो?

हिच्यातली सगळ्यात अजब गोष्ट म्हणजे इंजिन बंद करायची पद्धत. डिझेल इंजिनाला स्पार्क नसतो, म्हणून ते थांबवायचं तर डिझेल तोडावं लागतं. ह्या गाडीत ते काम व्हॅक्यूम करतं: किल्ली फिरवली की नळीतून ओढ लागते आणि पंप बंद होतो. दरवाज्यांची लॉकंही त्याच व्हॅक्यूमवर. त्यामुळे मागच्या दाराच्या आत कुठेतरी एक बारीक नळी चिरली तर किल्ली हातात येते आणि इंजिन चालूच राहतं. कॉलेजच्या गेटवर असं झालं तेव्हा वॉचमन दादांनी हात जोडले. बॉनेट उघडून पंपाशेजारचा 'स्टॉप' लिहिलेला दांडा दाबला की झालं, पण बघणाऱ्याला वाटतं बाईनं गाडीचा गळा दाबला. मी पुढचे पंधरा दिवस तशीच बंद केली. मग चाचांनी फवारणी पंपाच्या नळीचा तुकडा जोडून ओढ परत आणली. तो तुकडा अजून तिथेच आहे.

आता ॲव्हरेजचं खरं गणित. वर्षाला तीस हजार किलोमीटर धरा. बाराच्या ॲव्हरेजनं अडीच हजार लिटर डिझेल लागतं. नव्या गाडीनं सोळा दिलं तर अठराशे पंच्याहत्तर. फरक सव्वासहाशे लिटरचा. नव्वद रुपये भाव धरला तर वर्षाला छप्पन्न हजार. (परभणीकरांनी ह्यात आपापली भर घालावी. त्यांचं इंधन मनमाडजवळच्या पानेवाडीहून तीनेकशे किलोमीटर टँकरनं येतं आणि राज्यातल्या महाग भावांच्या बातम्यांत परभणीचं नाव ठरलेलं असतं.) छप्पन्न हजार म्हणजे नव्या गाडीचे दोन हप्तेही नाहीत. उरलेल्या दहा हप्त्यांत चाचांचं वर्षाचं बिल, टायर, इन्शुरन्स सगळं बसून पैसे उरतात. लिटरमागे किती किलोमीटर हा प्रश्न आमच्याकडे इतका मुरला आहे की रुपयामागे किती किलोमीटर हे कुणी विचारतच नाही.

मात्र ह्या ताळेबंदाची दुसरी बाजूही आहे आणि ती लपवली तर मला शिकवायचा अधिकार नाही. 72 हॉर्सपॉवरची ही गाडी शून्यावरून शंभरला जायला वीस सेकंदांहून जास्त घेते. ओव्हरटेक करायचं तर आधी ठरवावं लागतं, मग गिअर पाडायचा, मग समोरचा ट्रक आपणहून बाजूला झालेला असतो. समृद्धीवर मी जात नाही. तिथे एकशेवीसनं जाणाऱ्यांच्या गर्दीत ऐंशीनं जाणं मला पटत नाही. एअरबॅग नाहीत. धुराचं तर बोलायलाच नको: पंप आणि नोझल नीट असले तर पीयूसीला पास होते, पण नव्या बीएस-6 गाडीच्या धुराशी हिची तुलनाच होऊ शकत नाही. सकाळी थंड इंजिनावर पहिला ढग निघतो तो शेजारच्या काकू दोरीवरचे कपडे काढत असतानाच. जुनी गाडी वाचवली म्हणजे पर्यावरण वाचवलं असं मला कुणी ऐकवू नये. मी एका गाडीएवढं पोलाद भट्टीत जाण्यापासून थांबवलं आणि त्याबदल्यात रोज थोडी काजळी हवेत सोडते. दोन्ही खरं आहे आणि त्याची वजाबाकी मला जमलेली नाही.

ऑक्टोबर 2010 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका फटक्यात 150 मर्सिडीज घेतल्या होत्या, सुमारे 65 कोटींचा व्यवहार. देशभर बातमी झाली. मागास म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मराठवाड्यानं मर्सिडीज घेऊन दाखवल्या म्हणून आम्हालाही तेव्हा बरं वाटलं होतं. त्या गाड्या आता कुठे आहेत कुणास ठाऊक. सिग्नलला एखादी त्या काळची ई-क्लास शेजारी आली की आतला माणूस माझ्या गाडीकडे बघून काच खाली करतो. पुढचं संभाषण तुम्हाला माहीत आहे.

ऑगस्ट 2025 मध्ये माझ्या हिशेबात एक नवी ओळ आली. वीस वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांच्या नोंदणी नूतनीकरणाची फी केंद्रानं वाढवली: साध्या चारचाकीला दहा हजार आणि आयात केलेल्या चारचाकीला ऐंशी हजार. नूतनीकरण दर पाच वर्षांनी. माझी आयात केलेली. म्हणजे वर्षाला सोळा हजार, वर पर्यावरण कर आणि फिटनेसच्या खेपा. तरीही बेरीज नव्या गाडीच्या अडीच हप्त्यांच्या आतच राहते, पण ऐंशी हजार एकदम भरायचे म्हटलं की पोटात गोळा येतो.

त्यामुळे परभणीत एक ई 250 डिझेल विकायला आहे असं कळल्यावर मी चाचांना घेऊन गेले. ही पुढची मालिका, डब्ल्यू 124. मर्सिडीजनं भारतात 1995 मध्ये पुण्यात जुळवलेली पहिली गाडी, म्हणजे देशी. दहा हजारांत भागणार. पाच सिलिंडरचं इंजिन, माझ्यापेक्षा बरंच मऊ, ॲव्हरेज दीड-दोननं जास्त. जिंतूरपर्यंत मी मनातल्या मनात माझी विकूनही टाकली होती.

चाचांनी गाडी सुरू केली, कान लावला, फिलर कॅप उघडून धूर बघितला, खाली झोपून बघितलं. मालकासमोर काहीच बोलले नाहीत. बाहेर रस्त्यावर आल्यावर म्हणाले, 'गाडी अच्छी है मॅडम. लेकिन इसका एक भी सामान ट्रॅक्स में नहीं आता.'

परत येताना मंठ्याला भजी खाल्ली. दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन ऐंशी हजारांसाठी आरडी उघडली.